गोदावरीला जुळं

चंद्रभागा गोठा झाडून, हातपाय धुऊन, पदराला हात पुसत घरात आली आणि दारातच थबकली. घरात तिघंजण होते आणि तिघांचीही तोंडं पडलेली होती. तिचा नवरा सीताराम जाऊन सात दिवस झाले होते, सकाळीच पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम पार पडला होता, तेव्हा तोंडं पडलेली असण्यात नवल नव्हतं. पण गेलेल्या माणसासाठी पाडलेलं तोंड वेगळं आणि समोरच्या माणसापासून काही लपवताना पाडलेलं तोंड वेगळं. सत्तरीला टेकलेल्या बाईला एवढं कळतं.

मोठा मुलगा संजय कपाळाला हात लावून बसला होता. त्याची बायको दीपाली शाळेत मराठी शिकवायची. वर्गात पाचपन्नास पोरं गप्प करणारी ही बाई आज स्वतःच गप्प होती. आणि त्यांची लेक पूर्वा आजीला बघताच चटकन एक वही मांडीखाली सारून तिच्यावर बसली.

चंद्रभागेच्या डोक्यात पहिला विचार शेळ्यांचाच आला. वारज्यात आता तीन बाजूंनी इमारती उठल्या होत्या आणि मधल्या चार गुंठ्यांत हे घर, चौदा शेळ्या आणि दोन बुटक्या डांगी गायी एवढं शिल्लक होतं. इमारतीतली माणसं वासाची तक्रार करायची आणि त्यातल्याच बायका पोराला खोकला झाला की पेला घेऊन शेळीच्या दुधाला यायच्या. संजय हडपसरला चौदाव्या मजल्यावर राहायचा. बाप असेपर्यंत त्याची बोलायची छाती नव्हती, आता बाप नाही म्हटल्यावर हा शेळ्या विकायला काढणार, हे तिनं पहिल्या दिवशीच ताडलं होतं.

"कितीला इकायचं ठरलंय?" तिनं सरळ विचारलं.

"काय विकायचं, आई?"

"शेळ्या. दुसरं काय हाय ह्या घरात?"

"शेळ्यांचं काही नाही गं," संजय म्हणाला. आवाज असा की त्याला स्वतःलाच कुणीतरी विकलं होतं.

"मग त्या पोरीच्या बुडाखाली काय हाय?"

पूर्वा लाल झाली. दीपाली लगबगीनं उठली आणि सासूला हाताला धरून खुर्चीकडे नेऊ लागली. "आई, तुम्ही आधी बसा. पाणी देऊ?"

"पाणी कशाला? मला काय धाप लागलीय?"

तरी ती बसली. वही तिनं ओळखली होती. सीतारामची जनावरांची वही. कापडी बांधणीची, पत्र्याच्या पेटीत ठेवलेली. कोणती शेळी कधी लावली, कधी व्याली, किती करडं झाली, हे सगळं तो त्यात लिहायचा. चंद्रभागेची अक्षराशी ओळख सहीपुरती, त्यामुळे वही कधी तिच्या हातात आली नव्हती. मैना नावाची शेळी कासेला चढली होती, आज व्यायची की आठवड्यानं हे राकेशला नक्की ठाऊक नव्हतं. म्हणून धाकट्या राकेशनंच पेटी उघडून वही पुतणीच्या हातात दिली होती आणि मैनेची तारीख शोध म्हणून सांगून तो बाहेर वैरण उतरवायला गेला होता.

संजयनं घसा साफ केला. "आई, एक विचारतो. खरं सांग. गोदावरी कोण?"

"गोदावरी?" चंद्रभागेचा चेहरा एकदम उजळला. "आता हिची कशी याद आली तुला?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"म्हणजे तुला माहीत आहे?"

"मला म्हाईत न्हाई तर कुणाला?"

"हडपसरची ना?"

"हडपसरची न्हवं, हितलीच. हडपसरला फकस्त न्हेली व्हती ह्यांनी. रज्जाकभाईकडं."

संजयनं डोळे मिटून घेतले. "आणि तू काही बोलली नाहीस?"

"बोलले की. म्याच तर धाडलं त्यास्नी. म्हणलं, आता उशीर करू नगा. आन् लगीच परत आणू नगा, दोन दिस तिथंच ऱ्हाऊ द्या, एका डावात भागत न्हाई."

"आजी!" पूर्वा जवळजवळ किंचाळली. "ओह गॉड. आजी, सीरियसली?"

"त्यात काय झालं वरडायला?"

दीपालीनं नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. तिच्या आवाजात आता शाळेतला सूर आला होता, मुख्याध्यापकांपुढे पालकांशी बोलतात तो. "आई, त्या काळी तुमच्यावर काय दबाव असेल ते मी समजू शकते. पण वहीत लिहिलंय की गोदावरीला जुळं झालं."

"झालं की! ह्या हातानं सोडवलं म्या दोन्ही. एकाचं डोकं मागं वळलं व्हतं."

"मग," संजय अगदी हळू म्हणाला, "ती दोन्ही मुलं आता कुठं आहेत?"

"मुलं?" चंद्रभागेनं जरा आठवून पाहिलं. "नर व्हता त्यो ईदला गेला."

पूर्वाचं तोंड उघडं ते उघडंच राहिलं. बाहेर एक शेळी ओरडली आणि चंद्रभागेनं तिघांच्या पांढऱ्या पडलेल्या चेहऱ्यांवरून एकदा नजर फिरवली. मग हळूहळू तिच्या ध्यानात आलं आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला.

"अरं माझ्या कर्मा! तुमाला बाई वाटली व्हय?"

"पण आई, इथे स्पष्ट लिहिलंय," दीपाली म्हणाली. तिनं पूर्वाखालची वही ओढून काढली. "'गोदावरी, पाट लावला, हडपसर, रज्जाककडे मुक्काम.' वाचलं तेवढ्यातच अशा अकरा बायका आहेत, आई. अकरा! पाट लावणे म्हणजे दुसरा घरोबा करणे. मोहतूर. मी बी.ए.ला शिकलेय."

"तू शिकलीस त्यो पाट येगळा," चंद्रभागा म्हणाली. "त्यो पाट म्हंजी मोहतूर. ती पाट म्हंजी शेळी. पयल्या वेताची, अजून न व्यालेली. पाट माजावर आली का बोकडाला लावत्यात. पाट लावली! लावला न्हवं, लावली. वाच बरं नीट."

पूर्वानं वही डोळ्यांजवळ नेली. "इथे 'लाव.' एवढंच आहे. लाव आणि पुढे टिंब. मी आपलं पूर्ण करून वाचलं."

झालं! एका टिंबापायी सीताराम अर्ध्या तासात अकरा बायकांचा दादला झाला होता. दीपाली मटकन खाली बसली. पूर्वाला हसू आवरेना. संजयची मात्र अवस्था वाईट होती. पोरीला शब्द माहीत नव्हता, बायको शहरातली, पण तो? तो या शेळ्यांच्या दुधावर वाढला होता, शाळेतून आल्यावर गोदावरीला कालव्याच्या कडेनं चारायला नेत होता. पुढे डिप्लोमा झाला, कंपनी लागली, आणि अंगाला शेळीचा वास येऊ नये म्हणून त्यानं इतकी वर्षं इतका आटापिटा केला की शेवटी शेळ्यांची नावंही आणि शब्दही धुऊन निघाले.

"मला वाटलं, अण्णा पाटकरी होते, कालव्याचं पाणी सोडायचे, तेव्हा पाट म्हणजे कालव्याचा पाट असेल," तो पुटपुटला. "पण कालव्याला जुळं कसं होईल?"

यावर चंद्रभागा जी हसली ती सात दिवसांत पहिल्यांदा. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं, ते कशाचं होतं हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. हसणं ऐकून राकेश आणि रज्जाक दोघंही आत आले. रज्जाक हडपसरचा, सीतारामचा पन्नास वर्षांचा दोस्त. त्याच्याकडे जातिवंत बोकड असायचे आणि वारज्याच्या सगळ्या पाटी तिकडेच जायच्या. आजही पंचाहत्तरीत तो स्वतः टेम्पोबरोबर बसून वैरण घेऊन आला होता.

झाला प्रकार पूर्वानं सांगितला. रज्जाक पोट धरून हसला. "तौबा! सीताराम असता तर पुन्हा मेला असता भाभी, हसून हसून. ती गोदावरी माझ्या सुलतानला लावली होती. काय बोकड होता!"

राकेश मात्र हसला नाही. तो बापाबरोबर गोठ्यात राहिलेला मुलगा. शेळ्या राखणाऱ्याला मुलगी कोण देणार म्हणून लग्नाविना राहिला, पण बापाविना एक दिवस राहिला नाही. त्यानं भावाच्या हातातल्या मोबाइलकडे पाहिलं. "दादा, तू कुणाला मेसेज करत होतास मगाशी?"

"आमोदला," संजय म्हणाला.

"आमोद वकील ना तुझा?"

"अरे, मला वाटलं, खरंच दुसरं कुटुंब असेल तर उद्या वारस म्हणून..."

"अर्धा तास! अर्ध्या तासात बापाला फासावर पण दिलंस आणि त्याची वाटणी पण करून टाकलीस. सात दिवस झालेत रे त्याला जाऊन."

"राकेश, मी तुझ्याएवढाच..."

"माझ्याएवढा न्हाई. माझा बाप ह्या घराबाहेर दोन रात्री कधी राहिला न्हाई. मला इचारायचं होतंस."

दीपाली मध्ये पडली, "भावजी, चूक माझी आहे, अर्थ मी सांगितला." एरवी नवऱ्याची चूक मोजून दाखवणारी दीपाली आज ती आपल्या अंगावर घेत होती, हे चंद्रभागेनं टिपून ठेवलं. पण भांडण आज नको होतं तिला. सात दिवस लोक येत होते, हात जोडत होते, "फार चांगला माणूस" म्हणून जात होते. त्यात तिचा नवरा कुठंच नव्हता. तो या वहीत होता.

"वाच गं पोरी," ती म्हणाली. "एकेक नाव वाच. म्या सांगते कोण कंची ते."

"सगळी?"

"सगळी. तुज्या आज्याचा दंडक व्हता. पाट जलमली का त्या दिशी घरात पयलं पाऊल टाकंल त्या बाईचं नाव तिला. गोदावरी भाजीवाली व्हती."

मग जी मैफल जमली तशी त्या घरात कित्येक दिवसांत जमली नव्हती. पूर्वा नाव वाचायची आणि चंद्रभागा डोळे मिटून शेळी उभी करायची. सुंदरा एका कानाची, भिंतीवर चढून बसायची. सिस्टर ही लस टोचायला आलेल्या नर्सबाईंवरून. ती नर्सबाईंसारखीच कुणाला जवळ येऊ द्यायची नाही. अख्तरबानू म्हटल्यावर रज्जाकनं मान डोलावली, त्याच्या बायकोचं नाव ते, आणि ती शेळी त्याच्या बायकोहून कमी बोलायची अशी त्याची तक्रार होती. राकेशही हळूहळू विरघळला, भिंतीशी उकिडवा बसून मधेमधे भर घालू लागला.

"'दीपाली, पाट लाव., हडपसर,'" पूर्वानं वाचलं आणि थांबली. "मम्मा?"

"काय?" दीपाली उसळली.

"अगं, तुमचा घर बघायचा कारेक्रम व्हता ना, तवा तू आलीस त्या दिशीच जलमली सुंदराची लेक," चंद्रभागा म्हणाली. "लई गुणाची शेळी. पाच येळा व्याली, कधी अडली न्हाई."

दीपालीला रागवावं की काय करावं कळेना. संजय पहिल्यांदा हसला. राकेशनं त्याच्याकडे पाहिलं आणि तोही हसला, आणि चंद्रभागेला वाटलं, आता एवढं जरी टिकलं तरी पुष्कळ. सीताराम गेला, पण पन्नास वर्षांत त्यानं घरात पाऊल टाकणाऱ्या एकेका बाईचा मान ठेवला, एकेका शेळीचं बाळंतपण लिहून ठेवलं. असा माणूस आपल्या वाट्याला आला. तिला कधी नव्हे तो त्याचा गर्व वाटला.

"मागची पानं वाच," ती म्हणाली. "राकेशच्या येळची. तवा हौशी व्हती आपल्याकडं."

पूर्वानं पानं उलटली. "एक्याऐंशी साल. बारा मार्च." तिनं वाचायला तोंड उघडलं, मग भुवया आक्रसल्या. "'सुमनशी पाट लावला. खडकवासला. साक्षीला रज्जाक.'"

"सुमन?" चंद्रभागा म्हणाली. "सुमन कंची?"

तिनं मनातल्या मनात गोठा धुंडाळला. सुंदरा, हौशी, सिस्टर, तानी. सुमन नव्हती. असायचं कारणच नव्हतं, कारण सुमन नावाची बाई या घरात कधी आली नव्हती. आली असती तर पहिला चहा चंद्रभागेनंच दिला असता.

"खडकवासल्याची कुणाची तरी असेल," राकेश म्हणाला. "अण्णांची ड्यूटी होती तिकडं."

"असेल. आता मी काही अर्थ काढणार नाही बाबा," संजय म्हणाला आणि पुन्हा हसू लागला.

"पण इथे टिंब नाहीये," पूर्वा म्हणाली. "पूर्ण 'लावला' आहे. आणि 'सुमनशी' आहे. बाकी कुठेच 'शी' नाही."

चंद्रभागेनं नातीकडे पाहिलं नाही. ती रज्जाककडे पाहत होती. आत्तापर्यंत प्रत्येक शेळीपाठोपाठ आपल्या बोकडाचं नाव सांगणारा रज्जाक या वेळी काहीच बोलला नव्हता. त्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला होता आणि त्याची नजर कपावरच होती.

शेळी लावायला साक्षीदार कशाला लागतो?

एक्याऐंशीचा मार्च. नऊ तारखेला राकेश झाला, ती माहेरी सासवडला होती. पोरगा झाल्याचा निरोप त्याच दिवशी गेला आणि सीताराम आला चौदाला. बाकीच्या बायकांचे नवरे धावत येतात, तुझा का नाही आला, असं तिची आई चार दिवस विचारत होती. आल्यावर तो म्हणाला, हौशी अडली होती, सोडून कसा येऊ? आणि तिला ते इतकं पटलं होतं की तिनं उलट आईलाच सुनावलं होतं. मुकं जनावर अडलेलं टाकून येणारा माणूस तिला नकोच होता.

"पूर्वा," ती म्हणाली, "हौशी कधी व्याली ते बघ."

"मार्चमध्ये नाही आजी."

"नीट बघ. बारा-तेरा तारखेला आसंल."

पूर्वाचं बोट पानावरून खाली सरकलं, पान उलटलं, पुन्हा सरकलं. "मे महिन्यात आहे. 'हौशीला एक पाट. ठणठणीत.'" ती घाबरून आजीकडे बघू लागली. "आजी, मी वाचू नको का पुढे?"

"नगं वाचू."

राकेश उभा राहिला. "आई, तू काय मनात आणतेस? रज्जाकचाचा, सांगा की हिला. कुठली शेळी होती ती?"

रज्जाकनं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"रज्जाकभाई," चंद्रभागा म्हणाली, "ती बाई हाय का न्हाई, एवढंच सांगा."

"हाय, भाभी."

ते दोन शब्द तिनं ऐकले आणि तिला वाटलं, आपल्याला रडू येईल. आलं नाही. राग येईल असं वाटलं, तोही आला नाही. ती नुसती सुन्न झाली. पायाखालची जमीन सरकते म्हणतात, तसंही काही झालं नाही. जमीन तिथंच होती, खुर्ची तिथंच होती, फक्त संसाराच्या ज्या एक्कावन्न वर्षांवर ती बसली होती ती तिची एकटीची नव्हती.

रज्जाक बोलू लागला, कुणी विचारलं नाही तरी. सुमन कालव्यावरच्या एका मजुराची बायको. नवरा पाण्यात गेला. दिराला तिचा जमिनीचा तुकडा हवा होता, त्यानं तिला घराबाहेर काढायला घेतलं. सीताराम तिथं पाटकरी. आधी मदत, मग येणं-जाणं. "मी त्याला म्हटलं, घरात लेकरं आहेत, भाभी बाळंतपणाला गेलीय, हे करू नको. तो म्हणाला, लोक तिला नावं ठेवतात ती माझ्यामुळं, मग नाव पण माझंच लागू दे. कायद्यात बसत न्हाई ते त्याला ठाऊक होतं. दोन हार आणले मी. झालं."

"मुलंबाळं?" संजयनं विचारलं.

चंद्रभागेनं मुलाकडे पाहिलं. एवढं सगळं ऐकून याला पहिला प्रश्न हा सुचला.

"न्हाईत," रज्जाक म्हणाला. "एक पण न्हाई."

संजयचा श्वास मोकळा झालेला सगळ्यांनी ऐकला. मग तो भराभर बोलू लागला. मघाशी बापाला फासावर देणारा तोच आता झाकपाक करायला निघाला होता. "हे बघा, ही गोष्ट या खोलीबाहेर जायला नको. कुणाला काही सांगायचं नाही. ही वहीच नको. पूर्वा, ती वही इकडे दे."

"नाही देणार," पूर्वा म्हणाली आणि वही छातीशी धरली. "पप्पा, ही आजीची आहे."

राकेश भिंतीकडे तोंड करून उभा होता. माझा बाप दोन रात्री बाहेर राहिला नाही, असं मोठ्या तोंडानं म्हणाला होता तो. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी त्याचा बाप कुठं होता हे त्याला चव्वेचाळिसाव्या वर्षी कळत होतं. "तुम्ही आमच्यात बसून भाकर खाल्ली, चाचा," तो म्हणाला, मागं न वळता. "सात दिवस माझ्या खांद्यावर हात ठिवून बसलात."

"ठेवला. काय करू बेटा? तो दोस्त होता माझा." रज्जाकचे डोळे भरून आले होते. "अजून एक सांगतो भाभी, मग मला जोड्यानं मारा. तिला अजून कळलेलं न्हाई."

"काय कळलं न्हाई?"

"तो गेल्याचं. फोन तिच्याकडं न्हाई, त्यानं कधी घेऊ दिला न्हाई. गुरुवारी जायचा, तेवढंच. सात दिवस मी रोज निघतो खडकवासल्याला सांगायला, आणि वारज्याच्या पुलावरून परत फिरतो. माझ्या तोंडातून निघत न्हाई. गेल्या गुरुवारी तो गेला न्हाई, आणि उद्या परत गुरुवार. गवताचा भारा बांधून ती कालव्यावर वाट बघत बसेल."

गुरुवारचं गवत. दर गुरुवारी सायकलवर, मग लुनावर, मग राकेशच्या मोटारसायकलवर मागं बांधून तो हिरवागार भारा आणायचा. कालव्याच्या काठचं आहे म्हणायचा. इतका नीट, दांड्या एका बाजूला करून बांधलेला भारा, की चंद्रभागेनं कितीदा कौतुक केलं होतं, तुमच्या हाताला काय वळण आहे! तो काही बोलायचा नाही. तिला त्या मेलेल्या माणसाचा आता पहिल्यांदा संताप आला. बायको आणली, खोटं बोलला, हे एक. पण दुसरीच्या हाताचं कौतुक त्यानं आपल्याकडून चव्वेचाळीस वर्षं करून घेतलं आणि गप्प राहून ऐकून घेतलं!

ती उठली. दीपाली पुढं झाली, तिला वाटलं सासू पडेल. पण चंद्रभागा पडली नाही. तिनं खुंटीवरची शाल काढली.

"कुठं निघालीस?" संजयनं विचारलं.

"खडकवासल्याला."

"आई, वेड लागलंय का? कशाला त्या बाईच्या दारात जायचं? कोण आहे ती आपली? भांडायला जाणार आहेस का या वयात?"

"ठाव न्हाई," चंद्रभागा म्हणाली, आणि ते खरं होतं. ती भांडेल की रडेल की नुसती बघून परत येईल, तिला काहीच माहीत नव्हतं. "माज्या गळ्यातलं मणी म्या सात दिसांमागं काढलं, संजय. तिच्या गळ्यात अजून हायती. नवरा मेल्याचं सात दिस बायकोला कळू नये, असं शत्रूचं बी हुऊ नये."

"ती बायको नाही!"

"वहीत लिवलंय. साक्षीदार ह्यो बसलाय."

दीपालीनं मुकाट्यानं पायात चपला सरकवल्या. "मी येते तुमच्याबरोबर," ती म्हणाली. नवऱ्यानं "तू पण?" म्हणून पाहिलं, तिकडे तिनं लक्ष दिलं नाही. राकेश वळला, दोन पावलं पुढं आला आणि थांबला. त्याला यायचं होतं आणि यायचं नव्हतं. आईनंच त्याला हातानं थांबवलं. "तू मैनेपाशी ऱ्हा. ती रातच्याला व्यायची. मला वही लागत न्हाई त्याला."

टेम्पो अंगणात उभा होता, मागं वैरणीचा भुसा पडलेला, ड्रायव्हर आपल्या जागेवर बसलेला. रज्जाक ड्रायव्हरशेजारची जागा सोडून बाजूला झाला आणि चंद्रभागेला चढायला हात देऊ लागला. तिनं तो घेतला नाही. दाराला धरून ती आपली आपण चढली, दीपाली तिच्या शेजारी बसली. रज्जाक खालीच उभा राहिला.

"भाभी, आज नको. ऐका माझं. मी जातो, मी सांगतो."

"चव्वेचाळीस वर्सं काय सांगितलंत तुम्ही?"

तो खाली मान घालून उभा राहिला. चंद्रभागा समोरच्या काचेतून बघत होती. तिला एकच अडचण पडली होती आणि ती इतकी लहान होती की विचारायची लाज वाटत होती. पण विचारल्याशिवाय तिथं पाऊल टाकता येणार नव्हतं.

"तिला हाक काय मारायची म्या? सुमनबाई म्हनू? काय म्हनू?"

"काही पण म्हणा, भाभी. तिला चालेल."

"ती माजं नाव काढती का कधी?"

रज्जाकनं वर पाहिलं. "काढते की. दर खेपेला विचारते. थोरलीचं गुडघं कसं हाय, थोरली जेवली का. ती तुम्हाला थोरलीच म्हणते, भाभी. पहिल्या दिवसापासून."

दीपालीनं सासूचा हात धरला. सीतारामच्या घरची एकुलती एक सून म्हणून चंद्रभागा या घरात आली होती. मोठी जाऊ नाही, धाकटी जाऊ नाही. थोरली म्हणून तिला जन्मात कुणी हाक मारली नव्हती. आणि तिकडं धरणाच्या अंगाला एक बाई चव्वेचाळीस वर्षं तिला थोरली म्हणत होती, तिच्या गुडघ्याची चौकशी करत होती, आणि उद्याच्या गुरुवारासाठी गवत कापत असेल.

मग तिनं शाल डोक्यावरून घेतली.

"मग हे थोरलीनंच सांगाय पायजे," ती म्हणाली. "काढा गाडी."